आजीचे देणे



पवित्र शास्त्राच्या नव्या करारात आजीचा उल्लेख एकदाच येतो. पौलाने तीमथ्य नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला जे दुसरे पत्र लिहिले, त्याच्या आरंभी तो तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ सांगतो. आणि ते मूळ तो स्वतःच्या उपदेशात शोधीत नाही, तर तीमथ्याची आजी लोईस हिच्यापाशी नेऊन सोडतो. आजीपासून आई युनीके, आणि आईपासून मुलगा, अशी ही परंपरा. लोईस दिसावयास कशी होती, तिने कोणती दुःखे सोसली, नातवाला मांडीवर घेऊन ती काय सांगत असे, याविषयी पुढे एक अक्षरही नाही. इतकेच ठाऊक आहे की ते घर लुस्त्र गावचे होते, तीमथ्याची आई यहुदी व बाप ग्रीक होता. म्हणजे दोन रीतींचे ते घर. अशा घरात मुलाला कोणती वाट धरावी हे सांगणारे माणूस बहुधा म्हातारे असते व त्याचा आवाज चुलीच्या बाजूने येतो.

आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती घराण्यांस हे सांगावयास नको. कारण आमच्यापैकी पुष्कळांची घरे तशीच, दोन रीतींच्या उंबऱ्यावर उभी राहिलेली आहेत. इतर घराण्यांना सात पिढ्यांची नावे तोंडपाठ असतात. कुलदैवत, कुलोपाध्याय, मूळ गाव, वतन, सारे ठाऊक असते. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीशी वाट खुंटते. ज्याने किंवा जिने प्रथम बाप्तिस्मा घेतला, तेथे नवे पुस्तक सुरू झाले आणि जुन्या पुस्तकाची पाने आप्तांनी मिटून घेतली. त्या मिटलेल्या पानांतले थोडेबहुत ज्या व्यक्तीच्या मुखातून आमच्यापर्यंत आले, ती व्यक्ती म्हणजे आजी.

कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचे काम सुरू झाले ते १८५२ साली. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आपली पत्नी एलायझा हिच्यासह अहमदनगराहून येथे आले. पुढे १८७० साली हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतले. शाळा निघाल्या, मंदिरे झाली, जवळच मिरजेला १८९४ साली डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले. आज आमच्या शहरातून हिंडताना वायल्डर यांचे नाव उपासनामंदिराला दिलेले आढळते, आयर्विन व एस्थर पॅटन ही नावे शाळांवर वाचावयास मिळतात. ही नावे तेथे आहेत ते योग्यच आहे. त्या माणसांनी आपले आयुष्य या मातीत घातले. परंतु ज्या बाया त्या मंदिरात प्रथम येऊन बसल्या, ज्यांनी आपल्या मुली त्या शाळांत धाडण्याचे धैर्य केले, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. मिशनच्या वार्षिक अहवालात त्या आकडा होऊन राहिल्या आहेत: अमक्या वर्षी इतक्या स्त्रियांचा बाप्तिस्मा झाला, म्हणून. आकड्याला नातवंडे नसतात.

एलायझा वायल्डर हिची गोष्ट मात्र निराळी. तिचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला व पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आला. १८८७ साली पतीचे निधन झाल्यावर एलायझा साठी उलटलेली बाई होती. मायदेशी स्वस्थ बसली असती तर कोणी बोट दाखविले नसते. पण आपली मुलगी ग्रेस हिला घेऊन ती परत इकडेच आली. रॉबर्टची कन्या रूथ हिने १९४१ साली आपल्या वडिलांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. एका कोल्हापुरी घराण्याची कथा सातासमुद्रापलीकडे नातीने लिहून ठेवली, असे याला म्हणता येईल. ज्यांच्या घरात लेखणी होती त्यांच्या नातवंडांना हे साधले. आमच्या आज्यांच्या घरात जाते होते.

माझ्या आजीला वाचता येत नसे. पण पर्वतावरील प्रवचन, तेविसावे स्तोत्र आणि योहानाच्या शुभवर्तमानातले कितीतरी अध्याय तिला मुखोद्गत होते. ते तिने कानांनी मिळविले होते. संध्याकाळी आम्हां नातवंडांपैकी एकाने शास्त्र वाचावयाचे असा घरचा नेम असे. वाचणाऱ्याने ओळ गाळली की आजी अंधारातून ती ओळ पुरी करी. तिच्यापुढे कोणाचे चालत नसे. मात्र तिचे भाष्य पाळकांच्या भाष्यासारखे नव्हते. झावळ्यांच्या रविवारी प्रभू यरुशलेमेत कसा शिरला हे सांगताना ती म्हणे, जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात सासनकाठ्या नाचत चढतात ना, तशा त्या झावळ्या हलत होत्या. फरक इतकाच की ज्याच्यासाठी त्या हलत होत्या तो गाढवाच्या शिंगरावर बसला होता. हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगताना तिचा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी टाकलेला, पट्टणकोडोलीच्या यात्रेत दिसतो तसा धनगर असे. शास्त्राचे काटेकोर ज्ञान असलेल्या एखाद्या गृहस्थास हे रुचले नसते. मला वाटते, आमच्या पिढीला प्रभू येशू परका वाटला नाही याचे श्रेय या धनगराच्या घोंगडीकडे जाते.

पन्हाळ्याच्या वाटेवर एका खेड्यात तिचा भाऊ राहत असे. ती ख्रिस्ती झाल्यापासून त्या घरचा उंबरठा तिला बंद होता. तरी दरवर्षी भाऊबीजेला ती जाई, आणि एक-दोन नातवंडे बरोबर नेई. आम्ही ओसरीवर बसत असू. भाऊ बाहेर येई, खाली मान घालून बसे. पाण्याचा एक वेगळा पितळी तांब्या आमच्यासाठी ठेवलेला असे. परत निघताना आजी तो स्वतःच्या हाताने घासून, विसळून, ओसरीच्या कडेला पालथा घाली. ओवाळणीचे नाव नाही. पण निघते वेळी भाऊ मुकाट्याने नव्या गुळाची ढेप आणि शेंगांचे गाठोडे आमच्या हाती देई. एकदा मी तिला विचारले, आजी, ते आपल्याला आत घेत नाहीत, मग तू येतेस कशाला? ती म्हणाली, “अरे, दार त्यांनी लावलंय, मी कशाला लावू?” घरी आल्यावर रात्रीच्या प्रार्थनेत भावाचे नाव सर्वांत आधी येई. रागाचा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. दुःख तिला झाले नसेल असे मात्र मी म्हणणार नाही. तांब्या घासताना ती आवश्यकतेहून अधिक वेळ घासत असे.

असल्या आठवणी महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत असतील. त्या त्या घराबरोबर त्या जातात. परंतु एका आजीने आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या, आणि त्या नुसत्या तिच्या नातवंडांच्या न राहता साऱ्या मराठी वाचकांच्या झाल्या. त्या आजी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस, मीठसाखर असली तरीसुद्धा, धुतल्यावाचून त्यांना चालत नसे. मीठ धुतले म्हणजे त्यातले हाती किती उरत असेल याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा! अशा घरातली ही मुलगी वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळक यांना दिली. टिळक कवी, लहरी, विद्वान, दानशूर; हाती आलेला पैसा पहिल्या गरजवंताला देऊन मोकळे होणारे. १८९५ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायांखालची भूमी सरकली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरासारख्या क्षेत्री गेला. नवरा जिवंत आहे, त्याच्यावर प्रेम आहे, आणि तरी त्याच्याकडे जाता येत नाही, असे ते चार-पाच वर्षांचे वैधव्यासारखे जिणे.

पुढे त्या नगरास पतीकडे गेल्या. पण आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी निराळे ठेवून गेल्या. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीही झाली, असे तेथे घडले नाही. टिळकांनी बळजबरी केली नाही आणि बाईंनी खोटा होकार दिला नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदले. मग एके रात्री विचार करता करता बाईंच्या मनाने घेतले की, जातींच्या या भिंती देवाने घातलेल्या नाहीत, त्या माणसांच्या हातच्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी आरंभ केला. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरच्या कन्येने घेतलेला तो पाण्याचा घोट लहानसा नव्हता. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर त्या आपल्या पायांनी चालत तेथवर पोहोचल्या होत्या.

टिळक १९१९ सालच्या मे महिन्यात वारले. त्यांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध गावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. प्रथमचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. ज्या पत्नीला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, जोडाक्षरांशी जिचे अखेरपर्यंत फारसे सख्य जमले नाही, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचून तो ग्रंथ पुरा केला. विद्वत्तेचा हा चमत्कार नव्हे. घरातील राहिलेले काम पुरे केल्याशिवाय निजावयाचे नाही, ही जी जुन्या बायांची रीत, तीच येथे ओव्यांच्या रूपाने दिसते. शेवटचा ताट-वाटा घासून पालथा घातल्यावरच चूल निवावयाची.

बाईंच्या घरात नातवंडांच्या आधीही मुलांची उणीव नव्हती. टिळक रस्त्यावरून पोरे गोळा करून आणीत व बाई त्यांना जेवू घालीत. बालकवी ठोमरे लहान वयात टिळकांकडे येऊन राहिले होते. त्यांचे हट्ट, त्यांचे रुसवे, त्यांची भित्री मने बाईंनी आईच्या डोळ्यांनी पाहिली. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो कवी गेला. मराठी काव्याचे अभ्यासक ठोमऱ्यांच्या निसर्गवर्णनाविषयी कितीही लिहोत, तो मुलगा घरात कसा वावरत होता हे जाणावयास लक्ष्मीबाईंचीच पाने उघडावी लागतात.

ही पाने म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी साधने जमवीत होता. आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्या, अशी त्याची इच्छा होती. आई लिहू लागली आणि चरित्राची साधने राहिली बाजूला, आईचेच पुस्तक होऊन बसले! १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. चौथ्या भागाची अखेर मुलाला आपल्या हाताने करावी लागली.

लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा त्यांची नातवंडे लहान होती. त्यांतील एक, अशोक देवदत्त टिळक, पुढे लेखक झाले. आजोबांच्या जीवनावर त्यांनी ‘चालता बोलता चमत्कार’ ही कादंबरी लिहिली. परंतु माझ्या विषयाला धरून सांगावयाचे ते त्यांचे दुसरे काम. मध्यंतरी ‘स्मृतिचित्रां’च्या संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या होत्या, शाळेतील मुलांस व सामान्य वाचकांस त्या सोयीच्या वाटल्या, आणि पुष्कळांनी तेवढीच लक्ष्मीबाई वाचली. नातवाला ते पुरेसे वाटले नाही. त्याने आजीचा मूळ मजकूर पुन्हा सबंध मांडला. माणसे कोण, गावे कोणती, प्रसंग केव्हाचे, याच्या टीपा दिल्या. आणि १९८९ साली ‘संपूर्ण स्मृतिचित्रे’ वाचकांपुढे ठेवली. आजी गेल्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे लोटली होती.

आता असे पहा. आजीविषयी कृतज्ञता व्यक्त करावयाची म्हणजे आपण सामान्यतः काय करतो? तिची तसबीर भिंतीवर लावतो. पुण्यतिथीला मंडळींना जेवावयास बोलावतो. मंडळीत तिच्या नावे देणगी देतो. प्रार्थनेच्या वेळी तिचे सद्गुण आठवतो. ती सहनशील होती, प्रेमळ होती, देवभीरू होती. यात वावगे काही नाही. पण सद्गुणांची अशी यादी कोणत्याही आजीला लागू पडते, आणि त्या यादीत आपली आजी ओळखू येत नाही. मरणानंतरचा तो दुसरा आकडाच म्हणावयाचा. टिळकांच्या नातवाने आजीला सद्गुणी करून ठेवले नाही. तिचे हट्ट, तिचे भांडण, नवऱ्यावरचा तिचा संताप, तिची भीती, स्वतःच्याच फजितीवर तिचे हसणे, जे तिने लिहिले होते ते सारे त्याने जसेच्या तसे राहू दिले. मुलाच्या मनात आईविषयी थोडी काळजी असते; लोक काय म्हणतील ही चिंता त्याला सुटत नाही. नातवाला तेवढे अंतर लाभते. म्हणून पुष्कळदा नातूच आजीला पुरतेपणी पाहू शकतो.

आणि विश्वासाची गोष्टही तेथेच येते. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात कोठे धर्मतत्त्वांचे व्याख्यान दिलेले नाही. हिंदुधर्म वाईट म्हणून सोडला, असा सूर त्यांच्या लिखाणात शोधून सापडावयाचा नाही. माहेरच्या माणसांवरची त्यांची माया शेवटपर्यंत तशीच आहे. सोवळ्याने गांजलेल्या वडिलांविषयी लिहितानाही त्यांची लेखणी हसते, हिणवीत नाही. ख्रिस्ताने त्यांना जे दिले ते या हसण्यात उतरले आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याला क्षमा झाली आहे त्याला दुसऱ्यावर डूख धरून बसण्यास वेळ कोठला? माझ्या ओसरीवरच्या आजीला ‘स्मृतिचित्रे’ ठाऊक नव्हती, लक्ष्मीबाईंना पन्हाळ्याच्या वाटेवरचे ते खेडे ठाऊक नव्हते. तरी ‘दार त्यांनी लावलंय’ हे वाक्य मला त्या पुस्तकात कोठेही सापडले असते तरी नवल वाटले नसते.

जोसेफिन इंक्स्टर या बाईंनी ‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी भाषांतर केले, ते १९५० साली प्रसिद्ध झाले, पुढे २०१७ साली शांता गोखले यांचे नवे भाषांतर निघाले. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या ख्रिस्ती घरांतही ही आजी आता पोहोचली आहे. आमच्यातल्या कित्येक कुटुंबांची मुले परदेशी गेली, त्यांची मुले तिकडेच वाढत आहेत; त्यांना उपासनासंगीतातील टिळकांची पदे सुरात म्हणता येतात, अर्थ मात्र विचारावा लागतो. अशा एका घरी मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. तेथील दहा-अकरा वर्षांची मुलगी ते इंग्रजी पुस्तक घेऊन आली आणि मला म्हणाली, हिने नवऱ्याचे ऐकले का नाही, लगेच? मी तिला सोवळे म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. मीठ धुण्याची गोष्ट ऐकताच ती खो-खो हसली. मग गंभीर होऊन तिने विचारले, “आपल्या पणजीचं काय? तीही अशीच थांबली होती का?”

तिच्या आईला उत्तर ठाऊक नव्हते. त्याच रात्री तिने कोल्हापूरला आपल्या थोरल्या मावशीस दूरध्वनी केला. मावशींचे वय तेव्हा सत्त्याऐंशी. ऐकू कमी येई, म्हणून प्रश्न तीनदा विचारावा लागला. मग त्या बोलू लागल्या त्या पाऊण तास थांबल्या नाहीत. आणि मुलगी शेजारी बसून, शाळेच्या वहीच्या मागल्या पानांवर, तिला येईल तशा अक्षरांत नावे उतरून घेत होती.